चौथ्या सर्व्हरची कार्यमुक्ती

३, सोमवार

संचालकसाहेबांनी आज दार लावून घेतलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत दार लावून कुणी माझ्याशी चांगलं बोललेलं नाही, त्यामुळे मी आधीच खुर्चीच्या कडेवर बसले.

विषय आमच्या नेत्ररुग्णालयातल्या कॉम्प्युटरवाल्याचा होता. माणूस कंत्राटावर आहे, मुदत ३१ तारखेला संपते. साहेबांचं म्हणणं असं की, मागच्या खोलीत सहा सर्व्हर आपापले घुमत असतात आणि हा गृहस्थ चहा पीत त्यांच्याकडे बघत बसतो.

"माणसाची गरज आहे की नाही, मला लेखी द्या. कोण काम करतं आणि कोण नुसतं बसतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

हे मात्र खरं बोलले. कार्यालय अधीक्षक उगाच झाले नाही मी.

अडचण एकच. सर्व्हर म्हणजे काय हे मला माहीत नाही. तसं साहेबांना सांगितलं नाही. कुठल्याही खात्यात जा, कोणाचं पद काय, कर्तव्य काय आणि तो ते करतो का, एवढंच बघायचं असतं. येताना सहा कोऱ्या सेवापुस्तिका घेऊन आले.

विषय गोपनीय आहे, म्हणून ही वही. ह्यांना सांगायची सोय नाही. निवृत्त भूगोल मास्तर आहेत, सकाळच्या फिरण्यात अख्ख्या बागेला सांगून येतील.

४, मंगळवार

ह्यांना सांगितलं. राहवलं नाही.

आज सर्व्हरच्या खोलीत गेले. तिथे इतका गारठा की स्वेटर आणायला परत यावं लागलं. कॉम्प्युटरवाला चाळिशीचा आहे आणि बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. मी त्याचं नाव मौनी ठेवलंय. सहा काळी खोकी एकावर एक, फडताळात ठेवल्यासारखी. मी एकेकाकडे बोट दाखवत गेले.

"सर्व्हर म्हणजे नेमकं काय?"

"बाकीचे ज्याच्याकडे मागतात तो."

"हा पहिला काय करतो?"

"ओळख पटवतो. पासवर्ड बरोबर असेल तर आत घेतो."

मी लिहिलं, पद: दरवान. दुसरा रुग्णांच्या नोंदी ठेवतो, म्हणजे अभिलेखपाल. तिसऱ्याकडे सगळ्यांच्या फायली असतात, म्हणून भांडारपाल. पाचवा प्रिंटरसमोर रांग लावतो, कोणाचा कागद आधी आणि कोणाचा नंतर. सहावा सगळे घरी गेल्यावर सगळ्याची नक्कल काढून ठेवतो. हा मला आवडला. असा कारकून मला एकतीस वर्षांत एकच मिळाला, तोही बदलून गेला.

चौथ्याशी गाडी अडली.

"हा पत्ते देतो."

"कुणाला?"

"कॉम्प्युटरना."

"कसले पत्ते?"

"ज्याचे त्याचे."

आता मला सांगा, नोंदणीच्या खिडकीतला कॉम्प्युटर गेली सहा वर्षं त्याच खिडकीत आहे. त्याला त्याचा पत्ता माहीत नसायला तो काय यात्रेत हरवलाय? पण मी बोलले नाही. चौथ्याच्या पुस्तिकेत "कर्तव्य" या रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

६, गुरुवार

दोन तास खोलीत बसून निरीक्षण केलं. प्रत्येक खोक्याला एक हिरवा दिवा आहे. काम करताना तो लुकलुकतो असं मौनी म्हणाला. दुसऱ्याच्या दिव्याला तर क्षणाची उसंत नाही. चौथ्याचा दिवा पाऊण तासात नऊदा. नऊदा! मी रेघा मारून मोजलं.

मौनीचं काम: चहा दोन वेळा. पडद्याकडे बघणं. एकदा उठून एक वायर काढून दुसरीकडे लावली. एकदा औषधांच्या काउंटरला फोन करून म्हणाला, "तुमचा कॉम्प्युटर जरा बंद करून चालू करा." काउंटरवरच्या बाईंची काहीही तक्रार नसताना! काम दाखवायला लोक काय काय करतात.

जेवायच्या सुट्टीत मी सहज विचारलं, डबा घरचा का? तर हा माणूस चक्क तीन वाक्यं बोलला. बायको शिक्षिका आहे, पाच वर्षं दुसऱ्या गावी होती. आत्ता तिला इथे बदली मिळाली. मुलगी सात वर्षांची आहे आणि तिघं एका घरात राहायची ही पहिलीच वेळ. मग त्याने डब्याचं झाकण लावलं आणि परत मौन धरलं.

हे मला नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. अहवालात असल्या गोष्टींना रकाना नसतो.

७, शुक्रवार

साहेबांना तोंडी सांगितलं की पाच जण काम करतात, चौथ्याबद्दल आणि मौनीबद्दल शंका आहे. साहेबांनी युक्ती काढली. मौनीची रजा साठली आहे. सोमवारपासून बारा दिवस सक्तीने पाठवायचं. "काही बंद पडलं नाही तर माणूस नको. सोपा हिशेब. आणि त्याला कुणी फोन करायचा नाही, नाहीतर परीक्षेला अर्थ काय?"

मौनीला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला. मी ती चिठ्ठी नियमानुसार बंद पाकिटात घालून कपाटात ठेवली.

१०, सोमवार

मौनी रजेवर. सगळं सुरळीत. अकरापर्यंत एकशे चाळीस रुग्णांची नोंद झाली, कुठे खट नाही की खुट नाही.

मग मी चौथ्याचा निकाल लावायचं ठरवलं. पण एकतर्फी निर्णय माझ्या स्वभावात नाही. आधी सगळ्या टेबलांवर फिरून विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरला पत्ता मिळालाय का? नोंदणीच्या खिडकीतल्या ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. चष्म्याचा नंबर काढणारे म्हणाले, "मिळाला असावा, मॅडम." शिपाईमामा म्हणाले, "माझा पत्ता बदललेला नाही, इथेच मागच्या गल्लीत राहतो."

थोडक्यात, सगळ्यांकडे पत्ते आहेत. ज्याचं काम पूर्ण झालं, त्याला पदावर ठेवायचं कशाला? रीतसर आदेश काढला: "सर्व्हर क्रमांक चार यांस आज मध्यान्हानंतर कार्यमुक्त करण्यात येत आहे." जावक क्रमांक टाकला, सही केली, आदेश खोक्यावर चिकटवला आणि बटण दाबून धरलं. दिवा विझला. मी पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. बाहेर येऊन पाहिलं तर सगळे कॉम्प्युटर चालू होते.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अगं, पण तो उगाच ठेवला असेल का तिथे?" भूगोल शिकवणाऱ्यांना प्रशासन कळत नाही.

११, मंगळवार

काहीही झालं नाही.

१४, शुक्रवार

चार दिवस झाले. काहीही झालेलं नाही. साहेब माझ्यावर इतके खूश आहेत की त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. "म्हणजे माणसाशिवाय चालतं, आणि एका सर्व्हरशिवायही चालतं! मागच्या अधीक्षकांना हे कधी सुचलं नाही."

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. जेवताना भात नुसता चिवडत बसले. ह्यांनी विचारलं, "जिंकलीस ना? मग तोंड का पाडलंयस?" मी म्हटलं, मुलगी सात वर्षांची आहे हो. 

१५, शनिवार

औषधांच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर बंद पडला. म्हणजे चालू आहे, पडदा उजळतो, पण त्याला दुसरं कुणीच दिसत नाही. रुग्णांच्या नोंदी नाहीत, फायली नाहीत, प्रिंटरही नाही. काउंटरवरच्या बाईंनी परवा टेबल हलवलं होतं, हे मला ठाऊक आहे. विचारल्याशिवाय टेबल हलवल्याबद्दल त्यांना समज दिली. त्या म्हणाल्या, "मॅडम, वीतभर तर सरकवलंय." वीतभर का होईना!

चिठ्ठ्यांवर काम चालवलं.

१७, सोमवार

आज दोन गेले. एक नोंदणीच्या तिसऱ्या खिडकीतला आणि एक चष्म्याच्या खोलीतला. मी शिपाईमामांना उंदीर शोधायला लावलं. त्यांनी अर्धा दिवस टेबलांखाली घालवला आणि उंदीर नाही, पण कुणाचा तरी हरवलेला चष्मा सापडला.

तिन्ही घटनांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असं मी टिपणात लिहिलंय. शेजारचे कॉम्प्युटर ठणठणीत आहेत. संबंध असता तर सगळे एकदम गेले असते.

१८, मंगळवार

सगळे गेले.

सकाळी दोन चालू होते, दहाच्या सुमारास तेही आंधळे झाले. आजचा दिवस शस्त्रक्रियांचा. चौदा जण डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून बाकांवर बसले होते. त्यांना समोरचं माणूस धड दिसेना, आणि कुणाच्या डोळ्यात कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं ते सगळं दुसऱ्या सर्व्हरमध्ये! तो बिचारा मागच्या खोलीत लुकलुकत होता, पण त्याच्यापर्यंत कुणालाच पोचता येईना. सर्जनबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अंदाजाने भिंग बसवत नाही मी. अजून तासभर वाट बघते, नाहीतर सगळ्यांना घरी पाठवा."

एका आजोबांनी माझा हात धरून विचारलं, "ताई, माझा नंबर आला का?" मी म्हटलं, येईल. 

साहेबांनी शेवटी पाकीट फोडून मौनीला फोन केला. तो अर्ध्या तासात घरातल्या चपलांवर आला. किल्ली घेतली, आत गेला. दहा मिनिटांत औषधांच्या काउंटरवर आरोळी उठली, "आलं!" मग तिसऱ्या खिडकीतून, मग चष्म्याच्या खोलीतून. चौदाच्या चौदा शस्त्रक्रिया झाल्या.

साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. "पाहिलंत? त्या चौथ्यामुळे व्हायचं असतं तर बंद केला त्याच दिवशी झालं असतं. आठ दिवस ठीक आणि नवव्या दिवशी ठप्प. आणि हा येतो काय, दहा मिनिटांत दुरुस्त करतो काय! जाताना त्यानेच काहीतरी लावून ठेवलं होतं. आपल्यावाचून अडतं हे दाखवायला. रुग्णांच्या डोळ्यांशी खेळ! नुसतं काढायचं नाही, पुढे कुठे नोकरी लागणार नाही असं पत्र द्यायचं. मसुदा तयार करा."

मला पटलं. खरंच पटलं. मनात म्हटलं, मौनी माणसं अशीच आतल्या गाठीची असतात. मसुदा चांगला कडक उतरलाय.

१९, बुधवार

पत्रात मौनीच्या कामाच्या तारखा घालायच्या राहिल्या होत्या आणि रजा मोडून तो कामावर आलाच होता, म्हणून सर्व्हरच्या खोलीत गेले. चौथ्याचा दिवा चालू होता. त्याच्यावरचा माझा आदेश नव्हता.

मौनीने टेबलाचा खण उघडला आणि चार घड्या घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. "तुमचा कागद."

"साहेबांना दाखवला नाहीत?"

"नाही."

"का?"

त्याने खण लावला. मग म्हणाला, "मी दाखवला असता तर वाटलं असतं, अंगाशी आलं म्हणून दुसऱ्यावर ढकलतोय. सही तुमची आहे. काय करायचं ते तुम्ही बघा."

 मी स्टूल ओढून बसले आणि पहिल्यांदा, चौकशी म्हणून नाही तर खरंच कळावं म्हणून विचारलं, हा चौथा करतो तरी काय?

तेव्हा तो बोलला. इथल्या तीन वर्षांत बोलला नसेल एवढं. तो म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर खिडकीत बसला म्हणून ती त्याची जागा होत नाही. या जाळ्यात त्याला एक नंबर लागतो, तोच पत्ता. पत्ता असेल तर दुसऱ्याला हाक मारता येते आणि उत्तर परत येतं. हा चौथा प्रत्येकाला पत्ता देतो, पण कायमचा नाही. आठ दिवसांच्या बोलीवर. अर्धी बोली सरली की जो तो येऊन विचारतो, 'राहू का?' हा म्हणतो, 'राहा.' एवढंच त्याचं काम. दिवसातून थोड्या वेळा, अर्ध्या क्षणाचं."

"आणि तो नसला तर?"

"कुणाला लगेच कळत नाही. जुन्या बोलीवर चालत राहतं. कुणी परवा विचारून गेलेला असतो, कुणी आज सकाळी. ज्याची मुदत ज्या दिवशी संपते, तो त्या दिवशी गळतो. एकेक करून."

मी बोटांवर मोजलं. दहा तारखेला दिवा विझवला. पंधराला औषधांचं काउंटर. सतराला दोन. अठराला सगळे. म्हणजे टेबल वीतभर सरकलं हे कारण नव्हतं आणि उंदीरही नव्हता. आणि सहा तारखेला त्याने काउंटरला उगाच फोन केला नव्हता. तक्रार व्हायच्या आत काम करत होता, म्हणून मला त्याचं काम दिसलं नव्हतं.

मला स्वतःची लाज वाटली. सरळ लिहिते, फिरवून लिहायची सवय मला कागदावरच लागली आणि ती आज मोडायची आहे.

"चौदा जण बसले होते हो बाहेर," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. त्याने माझ्यासाठी चहा ओतला.

२०, गुरुवार

पहाटेपासून जागी आहे. मनात काय काय आलं ते लिहून ठेवते, कारण माझ्यासारखीच्या मनातही हे येतं हे मला आजवर माहीत नव्हतं. तो कागद माझ्याकडे आहे. मौनी तोंड उघडणार नाही. पत्रावर सही झाली की विषय संपला. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत आणि माझ्या सेवापुस्तिकेत लाल शाईचा एक ठिपका नाही. कागद फाडायचा विचार मी पुरती दहा मिनिटं केला. मग आठवलं की त्याला जावक क्रमांक आहे. माझ्याच अक्षरात, माझ्याच नोंदवहीत. मला स्वतःवरच हसू आलं. ह्यांनी विचारलं, सकाळी सकाळी काय झालं? सगळं सांगितलं. हे म्हणाले, "नोंदवही नसती तर फाडला असतास?"

मी आवरायला उठले. हे समोर बसूनच राहिले. शेवटी मी म्हटलं, "नाही. त्या आजोबांनी हात धरला होता माझा."

साहेबांच्या खोलीत गेले आणि दार मीच लावून घेतलं. मसुदा आणि आदेश शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी आदेश दोनदा वाचला.

"सर्व्हरला कार्यमुक्त केलंत? लेखी?"

"हो."

"'क्रमांक चार यांस'?"

"रीतसर असावं म्हणून."

त्यांच्या मिशा हलल्या, पण हसू आलं नाही. ते संतापले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यातलं बहुतेक सगळं योग्य होतं. मी उभीच होते. ते थांबल्यावर म्हटलं, "अहवाल मागितला होतात. पहिला चुकला, हा दुसरा." एकच पान होतं. सहाही सर्व्हर काय करतात ते साध्या भाषेत, आणि शेवटी, या सहांचं सातव्यावाचून चालत नाही, त्याला मुदतवाढ द्यावी. परवाच्या खोळंब्याला तो जबाबदार नाही, मी आहे.

साहेब म्हणाले, "सातवा कोण?" मग त्यांनाच कळलं.

२४, सोमवार

मला ठपक्याचं ज्ञापन मिळालं. मिळालं म्हणजे, आमच्या कार्यालयात ज्ञापनं मीच लिहिते, तेव्हा साहेब म्हणाले तयार करा, सही करतो. मी "गंभीर हलगर्जीपणा" लिहिलं. साहेबांनी "गंभीर" खोडलं. मी दुसऱ्या प्रतीत परत घातलं. शेवटी सही झाली. सेवापुस्तिकेत लाल शाईने नोंद केली, अक्षर छान आलंय. काउंटरवरच्या बाईंकडे जाऊन टेबलाबद्दल माफी मागितली. त्यांनी ते आणखी वीतभर सरकवून घेतलं.

मौनीला एक वर्षाची मुदतवाढ. मी तीन मागितली होती.

३१, सोमवार

आज मौनी माझ्या टेबलापाशी आला आणि रजेचा अर्ज ठेवला. पुढच्या महिन्यात दोन दिवस. मुलीच्या शाळेची सहल आहे, आईवडिलांनाही बोलावलंय. सक्तीची नाही, त्याने स्वतः मागितलेली पहिली रजा.

मी सवयीने त्रुटी शोधायला लागले. तारखा बरोबर. कारण लिहिलेलं. सही आहे. खाली एक रकाना असतो, रजेच्या काळात कार्यभार कोणाकडे. त्यात त्याने लिहिलं होतं: "कार्यालय अधीक्षक."

मी चष्मा काढून पुसला. परत वाचलं. तेच होतं.

"अहो, माझ्याकडे?" मी म्हटलं. "साहेब काय म्हणतील? तुमचा विश्वास आहे?"

तो म्हणाला, "चौथा काय करतो हे या इमारतीत दोघांनाच माहीत आहे."

मी अर्ज मंजूर केला आणि त्याला म्हटलं, जाण्याआधी रोज अर्धा तास येईन, सगळं पहिल्यापासून सांगा. तो म्हणाला, "बरं. स्वेटर आणा."